शिकागोचा जीवक : डॉ. डॅनियल हेल विल्यम्स



भगवान बुद्धांच्या काळातल्या जीवक वैद्याची गोष्ट आपण विहारात ऐकतो. जन्मताच टाकून दिलेले ते पोर तक्षशिलेला जाऊन सात वर्षे शिकले आणि राजा बिंबिसारापासून भिक्खू संघापर्यंत सर्वांचे वैद्य झाले. असाच एक जीवक अमेरिकेतल्या शिकागो शहरात होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. डॅनियल हेल विल्यम्स.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतल्या काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केला. १८६५ साली तिथली गुलामी कायद्याने संपली होती. पण कायद्याने सुटलेला माणूस शाळेच्या, नोकरीच्या आणि दवाखान्याच्या दारात अडवला जातच होता. ते दार कसे उघडले, हे डॉ. विल्यम्स यांच्या चरित्रातून कळते.

त्यांचा जन्म १८५६ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. घराणे गुलामांचे नव्हते, स्वतंत्र काळ्या लोकांचे होते. वडील न्हाव्याचा धंदा करीत. डॅनियल अकरा वर्षांचा असताना ते क्षयाने वारले आणि घर मोडले. पोराला बाल्टिमोरला एका चांभाराकडे काम शिकायला ठेवले. तिथे मन रमेना, म्हणून तो पळाला. पुढे विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिल गावी केस कापून त्याने पोट भरले आणि शिक्षणही चालू ठेवले. त्या गावात डॉ. हेन्री पामर नावाचे नामांकित गोरे डॉक्टर होते. त्यांनी या तरुणाला हाताखाली घेतले. १८८० साली तो शिकागोच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि १८८३ साली डॉक्टर होऊन बाहेर पडला.

त्या वेळचे शिकागो म्हणजे कारखान्यांचे शहर. पोलाद, रेल्वे आणि मोठमोठे कत्तलखाने यांवर ते वाढत होते. कामगार जखमी व्हायचे, वस्त्यांत साथी पसरायच्या. पण काळ्या डॉक्टरला रुग्णालयात शस्त्रक्रिया करू देत नसत. डॉ. विल्यम्स रुग्णाच्या घरी जाऊन शस्त्रक्रिया करीत, कधी कधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर. जंतूंमुळे जखम सडते हे नवे ज्ञान त्यांनी पक्के आत्मसात केले होते. आधी खोली आणि हत्यारे स्वच्छ, मगच चाकू हातात, असा त्यांचा शिरस्ता.

१८९० च्या सुमारास एक धर्मगुरू त्यांच्याकडे आले. त्यांची बहीण एमा रेनॉल्ड्स हिला नर्स व्हायचे होते. शिकागोतल्या नर्सिंग शाळांनी काळी म्हणून तिला नाकारले होते. हे दुःख आपल्याला नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणायच्या खात्यात एके काळी आपल्या माणसाला घेत नसत. का, तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने इतरांना विटाळ होतो!

डॉक्टरसाहेबांनी विचार केला, एका मुलीसाठी कुणाच्या किती विनवण्या करायच्या? त्यापेक्षा आपणच रुग्णालय काढू आणि तिथेच नर्स तयार करू. मग सभा झाल्या, चर्चमध्ये वर्गणी जमली. गरिबांनी पैसा-पैसा जोडला, काही श्रीमंत गोऱ्या कारखानदारांनीही देणग्या दिल्या. १८९१ साली एका तीन मजली घरात अवघ्या १२ खाटांचे ‘प्रॉव्हिडंट हॉस्पिटल’ सुरू झाले. एमा तिथे नर्स झाली आणि १८९५ साली तर डॉक्टरही झाली.

या रुग्णालयाच्या दारावर रंग विचारला जात नव्हता. डॉक्टर काळे आणि गोरे, रुग्णही दोन्ही. ज्यांना बाहेर ठेवले, त्यांनी स्वतःचे दार बांधले आणि ते सर्वांसाठी उघडे ठेवले. मात्र आपला माणूस आहे म्हणून कच्च्या शिक्षणाच्या डॉक्टरला घ्यायला ते तयार नसत. रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, हा त्यांचा बाणा.

१८९३ च्या जुलैमध्ये जेम्स कॉर्निश नावाचा तरुण मारामारीत छातीत सुरा लागून रुग्णालयात आला. त्या काळी एक्स-रे नव्हता, रक्त देण्याची सोय नव्हती, पेनिसिलिन नव्हते. हृदयाच्या जखमेला हात लावू नये, असेच मोठमोठे सर्जन म्हणत. डॉ. विल्यम्स यांनी छाती उघडली, तुटलेली रक्तवाहिनी बांधली आणि हृदयाभोवतीच्या पिशवीला टाके घातले. ५१ दिवसांनी कॉर्निश बरा होऊन घरी गेला आणि पुढे अनेक वर्षे जगला. जगातल्या अशा पहिल्या काही यशस्वी शस्त्रक्रियांत हिची गणना होते. त्याच वर्षी सप्टेंबरात याच शिकागोत सर्वधर्म परिषद भरली आणि अनागारिक धम्मपालांनी तिथे बुद्ध धम्म मांडला, हेही ध्यानात ठेवावे.

१८९४ ते १८९८ त्यांनी वॉशिंग्टनचे फ्रीडमेन्स हॉस्पिटल सुधारले. गोऱ्या डॉक्टरांची संघटना काळ्यांना दूर ठेवी, म्हणून १८९५ साली काळ्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना स्थापण्यात ते पुढे होते. नॅशव्हिलच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजात ते वर्षानुवर्षे विनावेतन शिकवायला जात. १९१३ साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स स्थापन झाले, तेव्हा संस्थापक सभासदांत ते एकटेच काळे होते. आपले बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले, तेच हे वर्ष.

आता एक कडू गोष्ट. रुग्णालयात दुसरे एक काळे डॉक्टर, जॉर्ज हॉल, यांचे आणि त्यांचे जुने वैर होते. गट पडले. विल्यम्स यांना गोऱ्यांच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात नेमणूक मिळाली, तेव्हा ते समाजाशी बेइमान झाले असा ओरडा झाला. आणि विशेष म्हणजे, त्यांचा वर्ण इतका उजळ होता की मनात आणते तर गोरे म्हणून जगू शकले असते. त्यांनी तसे केले नाही, जन्मभर काळे म्हणूनच राहिले. आपल्यात आडनाव बदलून खोली मिळवणारे आहेत, त्यांनी हे जरूर वाचावे. तरी १९१२ साली या माणसाने आपण जन्माला घातलेले रुग्णालय सोडले. १९३१ च्या ४ ऑगस्टला मिशिगन राज्यात त्यांचे निधन झाले.

प्रॉव्हिडंट १९८७ साली बंद पडले, पण १९९३ साली सरकारी रुग्णालय म्हणून पुन्हा सुरू झाले. संस्था काढायला हिंमत लागते, टिकवायला त्याहून मोठे मन लागते. आपले विहारही घराघरातल्या वर्गणीतून उभे राहिले आहे. इथे अभ्यासिका चालावी, वस्तीतली एखादी एमा इथून डॉक्टर होऊन निघावी. खुर्चीच्या भांडणात आपला एखादा विल्यम्स आपण घालवू नये, एवढेच या वर्धापनदिनी सांगणे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!