सहासष्टाव्या वर्षी पुन्हा मातीत

बँकेतल्या नोकरीची सुरुवातीची वर्षं मी कर्जाच्या तपासणीसाठी खेड्यापाड्यांतून हिंडलो. विहिरीवर ऑइल इंजिन असे आणि त्याच्या भोवतालची हात-दोन हात जमीन सांडलेल्या डिझेलनं, जळक्या ऑइलनं काळी नि चिकट झालेली असे. तिथं गवताची काडी उगवत नसे. पुढे विजेची मोटर आली, इंजिन हललं, आणि काही वर्षांनी एका मळ्यात त्याच जागी हरळी पसरलेली मी पाहिली. मळेवाल्याला विचारलं, तर त्यानं नुसतं आभाळाकडे बोट दाखवलं. पावसानं धुऊन नेलं असणार, असं समजून मीही अहवालावर सही केली.

त्या काळ्या मातीची आठवण गेल्या पावसाळ्यात पुन्हा झाली. आमच्या शेजारची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. ती एका गॅरेजसमोरची तेलकट माती डबीत भरून घेऊन आली होती. तिच्याकडून कळलं ते असं : या मातीत तेल खाणारे जिवाणू असतात. पण तेल पाण्यात मिसळत नाही आणि जिवाणू तर पाण्याच्या ओलाव्यात राहणारे. मग त्यांतले काही स्वतःच साबणासारखा पदार्थ तयार करतात. खरकट्या भांड्याचं तेलकटपण साबणानं सुटतं, तसं या पदार्थानं तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि ते खाता येतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण बहात्तरच्या आसपास मोजला जातो. बॅसिलस जातीच्या एका जिवाणूचा हा साबण तो सत्तावीसपर्यंत खाली आणतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९६८ साली त्याची ओळख करून दिली.

पण चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू. त्यांतून नेमके हे शोधायचे कसे? तिची युक्ती साधी होती. पाण्यात थोडे क्षार घालायचे, चिमूटभर माती टाकायची आणि खायला तेलाशिवाय दुसरं काहीच ठेवायचं नाही. ज्याला तेल पचतं तो वाढेल, बाकीचे उपाशी राहतील. ही युक्ती कुणाची, असं मी विचारलं. तिनं दोन नावं सांगितली : हॉलंडचे बायरिंक आणि रशियाचे सर्गेई विनोग्राद्स्की. मी दुसऱ्याच्या मागे लागलो, याचं कारण माझं वय. ते पुढे येईलच.

विनोग्राद्स्की १८५६ साली कीव्हमध्ये एका श्रीमंत घरात जन्मले. आधी कायद्याचा अभ्यास धरला, तो सोडला. मग सेंट पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत पियानो शिकले, तोही सोडला. आपल्याकडे अशा मुलाला घरोघरी काय ऐकावं लागतं, ते सांगायला नको. १८७७ साली ते विज्ञानाकडे वळले आणि तिथं मात्र रमले.

१८८५ साली ते स्ट्रासबुर्गला वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांच्याकडे गेले. गंधकयुक्त झऱ्यांत पांढऱ्या धाग्यांसारखे जिवाणू वाढतात आणि त्यांच्या पोटात गंधकाचे कण दिसतात. त्या काळी जिवाणू वाढवायचे ते मटणाच्या रश्श्यात नाहीतर जिलेटिनवर. विनोग्राद्स्कींनी तसं केलं नाही. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात त्यांनी ते धागे ठेवले, त्यांना झऱ्यासारखंच पाणी देत राहिले आणि दिवसचे दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू पाण्यातून मिळाला, की गंधकाचे कण वाढत. तो बंद केला, की कण नाहीसे होत. हा जिवाणू गंधक जाळून त्यावर जगत होता. सजीवाला सेंद्रिय पदार्थांतून नाहीतर सूर्यप्रकाशातून शक्ती मिळते, असं मानणाऱ्या जगाला हे नवीन होतं.

पुढे झुरिकमध्ये त्यांनी शेतीचं कोडं हाती घेतलं. शेणखतातून निघणाऱ्या अमोनियाचं मातीत नायट्रेट होतं आणि ते पिकाला लागू पडतं. हे काम जिवाणूंचं आहे, हे १८७७ सालीच फ्रान्समध्ये दाखवलं गेलं होतं, पण ते जिवाणू कुणाच्या हाती लागत नव्हते. जो तो त्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालत होता, आणि ते तर असलं अन्न घेतच नव्हते! विनोग्राद्स्कींनी ताटातलं सगळं सेंद्रिय अन्न काढून घेतलं. जिलेटिनऐवजी वाळूतल्या सिलिकाची जेली वापरली. १८९० मध्ये ते जिवाणू सापडले. काम दोन टप्प्यांत होतं आणि प्रत्येक टप्प्याचे कामकरी वेगळे, हेही कळलं.

पाश्चरच्या संस्थेनं बोलावलं, तेव्हा ते गेले नाहीत. सेंट पीटर्सबर्गला परतून नव्या वैद्यकीय संस्थेत रुजू झाले. तिथं हवेतला नायट्रोजन धरणारा, प्राणवायूविना जगणारा एक जिवाणू त्यांनी शोधला आणि त्याला पाश्चरचंच नाव दिलं. नंतर संचालकपद आलं. फायली, बैठका, अंदाजपत्रकं. हा भाग मला न वाचताही कळला. १९०५ साली, पन्नाशीच्या आत, प्रकृतीच्या कारणानं ते निवृत्त झाले आणि आपल्या वतनावर शेतीवाडी बघत राहिले. पंधराएक वर्षं प्रयोगशाळा जवळजवळ बंदच.

मग क्रांती झाली, यादवी पेटली, वतन गेलं. घरदार सोडून ते आधी स्वित्झर्लंडला, मग बेलग्रेडला पोहोचले. आणि १९२२ साली पाश्चर संस्थेचं बोलावणं दुसऱ्यांदा आलं. तेव्हा त्यांचं वय सहासष्ट होतं. मी या वयात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची रांग आणि अर्धवट कादंबरी यांच्यामध्ये घुटमळतो आहे. हा गृहस्थ पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर गावी प्रयोगशाळा थाटून बसला.

तिथं त्यांचा आग्रह एकच होता : मातीतल्या जिवाणूला मातीत राहतो तसाच पाहा. प्रयोगशाळेतल्या सुखात वाढलेल्यावरून शेतातल्याचा हिशेब मांडू नका. हे वाचताना मला थोडं लागलं. बढतीनंतर जमीन न पाहता, कागदावरच्या मातीच्या प्रकारावरून मीही कर्जाचे अर्ज निकालात काढले आहेत. त्यांतली एक विहीर पुढे दुसऱ्याच्या पैशांनी झाली आणि तिच्यावर ऊस उभा राहिला.

याच काळात त्यांनी मातीतल्या रहिवाशांचे दोन गट सांगितले. एक सदा थोडक्यात भागवणारे. दुसरे एरवी निपचित पडलेले, पण विशिष्ट अन्न आलं की एकदम फोफावणारे. तेलावर त्यांनी काम केलं नव्हतं. पण इंजिनाखालच्या मातीत काय घडलं असेल, ते या दुसऱ्या गटामुळे मला समजलं. पाऊस होताच, पण तो एकटा नव्हता.

त्यांची मुलगी एलेन त्यांच्याबरोबर काम करू लागली. दुसरं महायुद्ध त्यांनी तिथंच काढलं. नव्वदी उलटल्यावर, १९४९ साली, आयुष्यभराचे शोधनिबंध एका जाड ग्रंथात छापून आणले आणि १९५३ च्या फेब्रुवारीत, शहाण्णव वर्षांचे होऊन ते गेले.

त्यांच्या नावाची एक बाटली शाळांतून अजून करतात. तळ्याचा चिखल, वर्तमानपत्राचे कपटे, अंड्याचा बलक आणि पाणी घालून ती उजेडात ठेवायची. मी खिडकीत ठेवली आहे. सौभाग्यवतींनी वासावरून दोनदा ती फेकायला काढली होती. सातव्या आठवड्यात खाली जांभळट पट्टा दिसू लागल्यापासून त्यांनीच तिची जागा ठरवून दिली.

शेजारच्या मुलीनं परवा एक ताटली दाखवली. पाण्यावर तेलाचा पातळ थर होता. तिच्या जिवाणूंच्या द्रावणाचा एक थेंब त्यावर पडला आणि तेल मागे सरून रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ उघडं पडलं. आता तिला इंजिनाखालची जुनी माती हवी आहे. मळेवाला आता नाही. त्याच्या मुलाशी फोनवर बोललो. दिवाळीनंतर जायचं ठरलं आहे. डब्या ती आणणार आहे, विहिरीची जागा मी दाखवायची आहे.