आवाजाची सम्राज्ञी, मूकपटाची राणी

सुमारे साठ वर्षे फ्रेंच रंगभूमी गाजवणाऱ्या सारा बर्नहार्टचे सर्वांत मोठे सामर्थ्य होते तिचा आवाज. नियतीचा खेळ असा, की आज तिचा अभिनय पाहायचा असेल तर उरले आहेत ते केवळ मूकपट!

साराचा जन्म १८४४ साली पॅरिसमध्ये झाला. आई हॉलंडमधून आलेली ज्यू गणिका. त्यामुळे मुलीचे बालपण दाईच्या घरी आणि कॉन्व्हेंटमध्ये गेले. आईच्या परिचयातील एका सरदाराने या हट्टी मुलीला नाट्यशिक्षण देण्याचे सुचवले आणि तिच्या आयुष्याला दिशा मिळाली. १८६२ साली ‘कॉमेदी फ्रांसेज’ या प्रतिष्ठेच्या नाट्यसंस्थेत रासीनच्या नाटकातून तिने पदार्पण केले. पण फारशी छाप पडली नाही. त्यातच एका ज्येष्ठ अभिनेत्रीला थप्पड मारल्याने तिला संस्था सोडावी लागली.

‘ओदेऑं’ रंगमंदिराने तिला पुन्हा उभे केले. १८६९ मध्ये फ्रांस्वा कॉपेच्या एकांकिकेने तिला नाव मिळवून दिले. पुढच्याच वर्षी जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तेव्हा साराने याच रंगमंदिराचे रुग्णालय करून जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. १८७२ साली ‘कॉमेदी फ्रांसेज’ने तिला सन्मानाने परत बोलावले. रासीनची ‘फेद्र’ आणि व्हिक्टर ह्यूगोच्या नायिका यांनी ती कीर्तिशिखरावर पोहोचली.

परंतु संस्थेची शिस्त तिला मानवली नाही. १८८० साली तिने करार मोडला. त्यापोटी एक लाख फ्रँकचा दंड झाला. पण अमेरिकेच्या दौऱ्याने तिला अमाप पैसा आणि जागतिक लौकिक दिला. पुढे पॅरिसमध्ये तिने स्वतःच्या नावाचे नाट्यगृह थाटले आणि १८९९ मध्ये चक्क पुरुषवेषात हॅम्लेट उभा केला.

याच हॅम्लेटमुळे तिचा चित्रपटाशी संबंध आला. त्यातील द्वंद्वयुद्धाचे छोटेसे दृश्य १९०० साली चित्रित झाले. रंगभूमीवरचे अनेक कलावंत या नव्या माध्यमाकडे तुच्छतेने पाहत असताना पन्नाशी ओलांडलेली ही अभिनेत्री निःसंकोच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९१२ मधील इंग्लंडच्या राणी एलिझाबेथवरचा मूकपट तर इतिहास घडवून गेला. मूळ नाटक पॅरिसमध्ये आपटले होते. मात्र अॅडॉल्फ झुकर यांनी अमेरिकेत आणलेल्या या चित्रपटाने चांगली कमाई केली आणि पुढे पॅरामाऊंट म्हणून विख्यात झालेल्या कंपनीच्या उभारणीला बळ मिळाले.

१९१५ साली गुडघ्याच्या जुन्या दुखण्यामुळे तिचा उजवा पाय कापावा लागला. तरीही सत्तरी पार केलेली सारा खुर्चीत बसून आघाडीवरच्या सैनिकांसमोर प्रयोग करत राहिली. अखेरच्या चित्रपटाचे चित्रीकरण आजारपणामुळे तिच्या पॅरिसमधील घरीच सुरू होते. ते पूर्ण होण्याआधीच, २६ मार्च १९२३ रोजी, तिने जगाचा निरोप घेतला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिच्या ज्यू वंशाकडे बोट दाखवून नाट्यगृहावरील तिचे नाव पुसले. चित्रफितीवरची सारा मात्र त्यांना पुसता आली नाही. काही मोजक्या, खरखरत्या ध्वनिमुद्रणांखेरीज तिचा आवाज विरून गेला आहे. पण एलिझाबेथच्या चित्रपटात राणीच्या मृत्यूनंतर ती पुन्हा समोर येते आणि रंगमंचावरच्या रिवाजाप्रमाणे प्रेक्षकांना अभिवादन करते. तिच्या नाटकांना लाभलेल्या टाळ्या आता ऐकू येत नाहीत; ते अभिवादन मात्र शंभर वर्षांनंतरही तसेच पाहायला मिळते.