काचेच्या टाकीतील संसार आणि कोनराड लॉरेन्झ

दिवाणखान्यात फिश टँक ठेवणाऱ्या हौशी मंडळींना एक अनुभव हमखास येतो. 'रॅम' किंवा 'क्रिबेन्सिस' या ठेंगण्या सिक्लिड माशांची जोडी मोठ्या कौतुकाने घरी आणली जाते. एक-दोन दिवस नर-मादी सोबतीने फिरतात आणि एके सकाळी मादी फाटलेल्या परांनी कोपऱ्यात दडून बसलेली दिसते. दुकानदाराने जोडी चुकीची दिली, असे म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. मात्र, माशांच्या या भांडणाचे आणि त्यांच्या सहजीवनाचे मूळ एकच असावे, असा विचार मांडणारा एक शास्त्रज्ञ विसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव कोनराड लॉरेन्झ. प्राण्यांकडे पाहण्याची नवी दृष्टी त्याने जगाला दिली आणि माणसांच्या बाबतीत मात्र त्याची स्वतःची दृष्टी एका निर्णायक क्षणी अंध झाली.

लॉरेन्झ यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९०३ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील अडॉल्फ लॉरेन्झ हे जगद्विख्यात अस्थिशल्यविशारद होते. डॅन्यूब नदीकाठच्या आल्टेनबर्ग गावी कुटुंबाचे प्रशस्त घर होते. लहानग्या कोनराडला वडिलांनी एकदा एक सॅलॅमँडर आणून दिला, तोही पाच दिवसांनी सोडून देण्याच्या अटीवर. त्या सॅलॅमँडरने ४४ पिल्लांना जन्म दिला. कोनराडला सांभाळणाऱ्या रेझी या दाईने त्यातील १२ पिल्ले वाढवून दाखविली. प्राणी जगवणे ही किती चिकाटीची गोष्ट आहे, याचा हा पहिला धडा होता.

वडिलांच्या इच्छेला मान देऊन कोनराड यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. १९२८ मध्ये ते डॉक्टर झाले. परंतु ओढा प्राण्यांकडेच असल्याने १९३३ मध्ये त्यांनी प्राणिशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. १९२७ मध्ये त्यांचा विवाह बालमैत्रीण मार्गारेट गेबहार्ट यांच्याशी झाला होता. त्याही डॉक्टर होत्या. कोनराड यांना संशोधनातून फारशी प्राप्ती नव्हती, त्या काळात मार्गारेट यांच्या व्यवसायाचा संसाराला मोठा आधार होता. घरात आणि आवारात डोमकावळे, हंस, कुत्री यांचा मुक्त संचार असे. मोठ्या मुलीला प्राण्यांपासून इजा होऊ नये म्हणून पिंजऱ्यात प्राण्यांऐवजी मुलीलाच ठेवण्याची पाळी या दांपत्यावर आली होती.

खिडकीतील तळे

हंसाची पिल्ले ज्यांच्यामागून चालत जातात, ते लॉरेन्झ छायाचित्रांमुळे सर्वांना परिचित आहेत. त्यांचे माशांवरील प्रेम मात्र तेवढे ठाऊक नाही. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि इंग्रजीत 'किंग सॉलोमन्स रिंग' या नावाने गाजलेल्या पुस्तकात त्यांनी घरगुती टाकीची कृती सांगितली आहे. तळाशी स्वच्छ वाळू, त्यात पाणवनस्पतींच्या काही फांद्या, वर अलगद ओतलेले पाणी आणि खिडकीतील उजेड. वनस्पती रुजल्यावर थोडे लहान मासे सोडायचे. वनस्पती प्राणवायू देतात, माशांची विष्ठा वनस्पतींना खत होते आणि टाकीचा समतोल राखला जातो. हा समतोल बिघडवणारा मोह एकच असतो. तो म्हणजे आणखी एक मासा आणण्याचा. त्या एका माशाने प्राणवायू अपुरा पडतो, काही जीव मरतात, कुजतात आणि तळ्याचे डबके होते.

याच पुस्तकातील ज्वेल फिश या आफ्रिकन सिक्लिड माशाचा प्रसंग अविस्मरणीय आहे. संध्याकाळी मादी पिल्लांना वाळूतील खळग्यात गोळा करते आणि भरकटलेल्या पिल्लांना बाप तोंडात धरून घरी आणतो. एका संध्याकाळी लॉरेन्झ यांनी टाकीत गांडुळाचे तुकडे टाकले. बापाने एक तुकडा तोंडात घेतला आणि त्याच क्षणी त्याला भरकटलेले पिल्लू दिसले. त्याने तेही तोंडात घेतले. एक जिन्नस गिळायचा होता, दुसरा सुखरूप पोहोचवायचा होता. मासा काही क्षण निश्चल राहिला. मग त्याने दोन्ही गोष्टी तळाशी सोडल्या, पिल्लावर नजर ठेवून गांडूळ खाल्ले आणि नंतर पिल्लू उचलून घरी नेले. पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजविल्या.

हे कुळ आपल्याला परके नाही. गोव्यात कालुंदर म्हणून ताटात येणारा मासा सिक्लिडच आहे आणि त्याच्याही नर-मादी मिळून अंड्यांची व पिल्लांची राखण करतात.

काळा अध्याय

आता या चरित्रातील क्लेशदायक भाग. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि त्याच वर्षी लॉरेन्झ नाझी पक्षात दाखल झाले. १९४० मध्ये त्यांना क्योनिग्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. त्याच वर्षीच्या एका लेखात त्यांनी पाळीव प्राण्यांमध्ये उपजत वर्तनाचा ऱ्हास होतो, हे निरीक्षण थेट मानवी समाजाला लावले आणि वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा आधार देऊ केला. १९४१ मध्ये ते सैन्यात भरती झाले. पोझनान येथे असताना जर्मन-पोलिश मिश्र कुटुंबांतील लोकांच्या मानसशास्त्रीय पाहणीतही त्यांचा सहभाग होता.

१९४४ मध्ये ते सोव्हिएत सैन्याच्या हाती सापडले. अर्मेनियातील छावणीत सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर, पोटॅशियम परमँगनेटची शाई करून त्यांनी आपल्या शास्त्राचा ग्रंथ लिहिला. १९४८ मध्ये ते हस्तलिखित आणि पाळलेली एक साळुंकीच्या जातीची स्टार्लिंग घेऊन घरी परतले.

शेजाऱ्याची गरज

युद्धानंतर जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेने त्यांना आधार दिला. बव्हेरियातील झेवीझन येथे संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे सिक्लिडच्या जोड्या काचेचे पडदे घातलेल्या टाक्यांत ठेवलेल्या असत. शेजारच्या जोडीवर धावून जाण्यात नराचा राग खर्ची पडे आणि मादी सुखरूप राही. हळूहळू काचेवर शेवाळ चढले, शेजारी दिसेनासा झाला की नर आपल्याच मादीवर उलटे. काच पुसली की घरात पुन्हा शांतता नांदे. या व अशा निरीक्षणांतून १९६३ मध्ये आक्रमकतेवरील त्यांचे बहुचर्चित पुस्तक सिद्ध झाले. राग हा आतल्या आत साठत जातो आणि त्याला वाट मिळावी लागते, वैयक्तिक स्नेहाचे बंधही आक्रमकतेला वळण देण्यातूनच निर्माण झाले, असे त्याचे सूत्र होते. ते माणसालाही लागू पडते, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे सिक्लिडनीच या सूत्राला धक्का दिला. त्यांच्याच परंपरेतील वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी सहकाऱ्यासह १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वजातीय मासा नजरेआड राहिलेल्या नराची हल्ल्याची प्रवृत्ती साठत न जाता ओसरत गेलेली आढळली. म्हणजे निरीक्षण खरे होते, परंतु राग पाण्यासारखा साठतो, हा निष्कर्ष टिकला नाही. माशावरून माणसाकडे घेतलेली उडी तर त्याहून धोक्याची होती. १९४० मधील चूक आणि १९६३ मधील चूक यांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण दोन्हींची वाट एकाच दिशेची आहे.

१९७३ मध्ये निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत लॉरेन्झ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा जुने लेखन पुन्हा चर्चेत आले. नाझींच्या परिभाषेत लिहिल्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. पण त्यांच्या पक्षसदस्यत्वाचे पूर्ण चित्र मृत्यूनंतरच उघड झाले. २०१५ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठाने त्यांची मानद डॉक्टरेट काढून घेतली.

निवृत्तीनंतर ते आल्टेनबर्गला परतले. हाइनबुर्ग येथे डॅन्यूबच्या पाणथळ अरण्यात होऊ घातलेल्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या चळवळीचे ते अग्रणी होते. तो प्रकल्प बारगळला आणि पुढे तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. २७ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

घरच्या टाकीत सिक्लिडची जोडी ठेवणाऱ्याला लॉरेन्झ यांच्याकडून आजही शिकण्यासारखे खूप आहे. मादी कोपऱ्यात दडलेली दिसली तर टाकी पुरेशी मोठी आहे का, तिला लपायला दगड-कपारी आहेत का, नराचे लक्ष वेधायला वरच्या पाण्यात फिरणारे चपळ लहान मासे आहेत का, हे आधी पाहावे. घाई न करता तासभर काचेसमोर बसावे. मात्र, तेथे जे दिसेल ते माशांविषयी आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी नाही, एवढे भान उठताना ठेवावे. लॉरेन्झ यांना स्वतःला ते ठेवता आले नाही.