स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव : जगन्नाथ गणेश गुणे, ३० ऑगस्ट १८८३ – १८ एप्रिल १९६६) हे योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे आद्य भारतीय संशोधक आणि लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. श्वासोच्छ्वासाचे यांत्रिक कार्य हा त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख भाग होता.

जीवन

त्यांचा जन्म गुजरातमधील डभोई येथे झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली. पुढे बडोदा येथे शिकत असताना राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामाचे धडे घेतले. मालसर येथील परमहंस माधवदास हे त्यांचे योगातील गुरू होत.

टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांच्या प्रभावामुळे गुणे राष्ट्रीय शिक्षणाकडे वळले. पारोळ्याला लागून असलेल्या अमळनेर येथे, तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यात, खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांत त्यांनी १९१६ पासून काही वर्षे अध्यापन केले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. योगाला शास्त्रीय कसोटी लावण्याचा त्यांचा उद्योग याच काळात सुरू झाला. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांद्वारे तपासणी केली. १९२४ साली त्यांनी कैवल्यधामची स्थापना केली व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले.

संशोधन

उड्डियानात पूर्ण उच्छ्वास केल्यावर कंठद्वार बंद ठेवून छातीचा पिंजरा फुलवला जातो. हवा आत येऊ शकत नसल्याने श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट आत खेचले जाते. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे कुवलयानंदांनी दाबमापकाने दाखवून दिले. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंच्या नावावरून 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. बस्तिक्रियेत पाणी वर का चढते, याचे परंपरेला ठाऊक नसलेले भौतिक कारण त्यामुळे स्पष्ट झाले.

प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, ही त्या काळची लोकप्रिय समजूत होती. कुवलयानंदांनी ती मान्य केली नाही. प्राणायामाचे खरे मूल्य त्यांनी मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले. योगाचा प्रचारक असूनही सोयीचा दावा सोडून देण्याची ही तयारी त्यांच्या कार्यात विशेष उठून दिसते.

श्वसन आणि वाणी

त्यांच्या प्रयोगांचा मुख्य विषय वाणी नव्हता. तथापि त्यांनी तपासलेले स्नायू बोलतानाही कामी येतात. शांत श्वसनात एका आवर्तनाचा सुमारे ४० टक्के वेळ श्वास घेण्यात जातो, तर बोलताना तो सुमारे १० टक्क्यांवर येतो. उरलेल्या वेळात हवा हळूहळू सोडत ध्वनी निर्माण केला जातो. नेहमीच्या बोलण्यासाठी स्वरतंतूंखाली साधारण ५ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागतो. भरलेली फुप्फुसे आपल्या लवचीकपणामुळे आकसू पाहतात आणि हा दाब वाढवतात. म्हणून लांब वाक्याच्या आरंभी श्वास घेणारे स्नायूच लगाम धरतात. वाक्याच्या शेवटी मात्र पोटाच्या स्नायूंना हवा ढकलावी लागते.

उज्जायी प्राणायामात कंठद्वार अंशतः बंद ठेवल्याने एकसारखा मंद ध्वनी उमटतो. या वेळी पोट फुगू न देता त्याचे स्नायू किंचित आवळलेले ठेवावेत, असे कुवलयानंदांचे मत होते. पोट फुगवून दीर्घ श्वसन करण्याच्या तेव्हाच्या व्यायामपद्धतींशी ते जुळत नव्हते. बोलताना पोटाची भिंत थोडी आत राहते व श्वासपटलाला आधार देते, हे वाणीच्या पुढील अभ्यासांतून दिसून आले. पूरकाच्या दुप्पट रेचक हे प्राणायामातील प्रमाणही उच्छ्वास लांबवणारेच आहे, जरी बोलताना तो याहून कितीतरी लांबतो.

उत्तरकाल

१९३१ साली त्यांचा 'प्राणायाम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहनन लोणावळ्यास येऊन राहिले व नंतर त्यांनी योगावर ग्रंथ लिहिला. मुंबईत संस्थेचे आरोग्यकेंद्र आणि लोणावळ्यात योग महाविद्यालय व रुग्णालय उभे राहिले. कैवल्यधामचे कार्य आजही चालू आहे.