हाजी मोहसीन यांची वक्फ जमीन आणि हुगळीचं कॉलेज

वक्फ म्हटलं की आज आधी कोर्टकज्जे आठवतात. पण बंगालमध्ये वक्फच्या जमिनीच्या उत्पन्नातून एक नामांकित कॉलेज उभं राहिलं. ती जमीन होती हाजी मुहम्मद मोहसीन यांची.

१७३२ मध्ये हुगळीत जन्मलेल्या मोहसीन यांनी इराण, अरबस्तान पालथा घातला. लग्न केलंच नाही. १८०३ मध्ये सावत्र बहीण मन्नुजान वारली आणि जेसोरकडची सय्यदपूरची जमीनदारी त्यांच्याकडे आली. वारस कोण? १८०६ मध्ये त्यांनी सगळी इस्टेट वक्फ केली. म्हणजे जमीन कायम राखायची, खर्चायचं ते फक्त उत्पन्न. त्याचे नऊ वाटे ठरले: तीन धर्मकार्याला, चार पगार आणि पेन्शनला, दोन कारभार पाहणाऱ्या दोघा मुतवल्लींना.

कागद चोख होता, माणसं नव्हती. १८१२ मध्ये मोहसीन गेले. पुढे मुतवल्लींच्या गैरकारभारामुळे सरकारनेच कारभार हाती घेतला. साठलेल्या पैशातून १८३६ मध्ये हुगळी कॉलेज निघालं. बंकिमचंद्र चॅटर्जी इथलेच विद्यार्थी.

गंमत म्हणजे कॉलेजात मुस्लिम मुलं मोजकीच होती. त्यावर बरीच ओरड झाली, तेव्हा कुठे १८७३ मध्ये हा निधी मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे आणि ढाका, चितगाव, राजशाहीच्या मदरशांकडे वळवला गेला.