आठ दिवसांत तीन सुवर्णपदके : एमिल झाटोपेक

1952 सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकचे नाव निघाले की आपल्या मराठी घरांत सर्वप्रथम आठवण होते ती खाशाबा जाधव यांची. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या या मल्लाने 23 जुलै 1952 रोजी कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. त्याच शहरात, त्याच आठवड्यात, चेकोस्लोव्हाकियाचा एक धावपटू असा पराक्रम करत होता की जो त्याआधी कोणी केला नव्हता आणि पुढेही कोणाला जमला नाही. 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन या तीनही शर्यती त्याने आठ दिवसांत जिंकल्या. त्याचे नाव एमिल झाटोपेक. विशेष म्हणजे मॅरेथॉन तो आयुष्यात प्रथमच धावत होता.

ट्रॅकवरचा विजेता मॅरेथॉनमध्येही यशस्वी होऊ शकतो का, हा प्रश्न क्रीडाक्षेत्रात फार जुना आहे. वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. जो दहा किलोमीटर सर्वांत वेगाने धावतो, त्याला बेचाळीस किलोमीटर काय अवघड? पण तसे नाही. 10,000 मीटर म्हणजे ट्रॅकच्या 25 फेऱ्या. अव्वल धावपटूचे हे काम अर्ध्या तासाच्या आत संपते. प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर असतात आणि शेवटच्या फेरीत वेग वाढवून बाजी मारता येते. मॅरेथॉन मात्र 42 किलोमीटर 195 मीटरची. स्नायूंत साठवलेली साखर साधारणपणे तीस किलोमीटरनंतर संपत येते आणि शरीराला चरबी जाळून चालवावे लागते. आरंभी थोडा जास्त वेग घेतला तर त्याची किंमत दोन तासांनी मोजावी लागते. म्हणून येथे वेगाइतकेच महत्त्व संयमाला असते. झाटोपेकचे चरित्र आम्ही या अंकासाठी निवडले ते यासाठीच. या प्रश्नाची दोन्ही उत्तरे, होकाराचे आणि नकाराचे, त्याच्या एकट्याच्या आयुष्यात सापडतात.

एमिलचा जन्म 19 सप्टेंबर 1922 रोजी मोराव्हिया प्रांतातील कोप्रिव्हनित्से या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. घरात मुले बरीच आणि मिळकत बेताची. सोळाव्या वर्षी एमिल झ्लिन शहरातील बाटा कंपनीच्या जोड्यांच्या कारखान्यात कामाला लागला. आपल्या पायांतील शाळेच्या बुटांमुळे जे नाव आपल्याला ठाऊक आहे, तीच ही बाटा कंपनी. पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत या मुलाला धावण्याची आवड नव्हती. कारखान्यातील क्रीडाप्रशिक्षकाने शहरातील एका शर्यतीत भाग घेण्याचा हुकूम सोडला. आपली प्रकृती बरी नाही अशी सबब एमिलने सांगितली. ती चालली नाही. नाइलाजाने धावायला उतरलेला हा मुलगा शंभरएक स्पर्धकांत दुसरा आला आणि तेथून त्याला धावण्याची गोडी लागली. 1944 पर्यंत 2,000, 3,000 आणि 5,000 मीटरचे देशाचे विक्रम त्याच्या नावावर झाले होते. महायुद्ध संपल्यावर तो सैन्यात दाखल झाला.

झाटोपेकची धावण्याची ढब मुळीच देखणी नव्हती. मान एका बाजूला झुकलेली, जीभ बाहेर, चेहऱ्यावर वेदना. पाहणाऱ्याला वाटावे की हा आता कोसळणार. पण त्याच्या सरावाला तोड नव्हती. 400 मीटर जोरात धावायचे, थोडे अंतर हळूहळू धावून दम घ्यायचा आणि लगेच पुन्हा 400 मीटर. असे वीस वेळा, मग चाळीस वेळा. कारकिर्दीच्या उत्तरार्धात तर त्याने एका दिवसात शंभर वेळा 400 मीटर धावण्याचा सराव केला, निम्मा सकाळी आणि निम्मा संध्याकाळी. बर्फ असो वा चिखल, पायांत सैनिकी जड बूट घालूनही तो धावे. त्या काळी हा वेडेपणा वाटे. एवढ्या श्रमाने माणूस झिजेल असे अनेकांचे मत होते. झाटोपेकचा विचार सरळ होता. हळू धावणे तर आपल्याला येतेच, शिकायचे आहे ते वेगाने धावणे. आणि शर्यत लांबची असल्याने तो वेग पुन्हा पुन्हा सोसायलाही शिकायला हवे.

1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने 10,000 मीटरचे सुवर्णपदक पटकावले. 5,000 मीटरमध्ये मात्र बेल्जियमच्या गास्तों रीफने त्याला अवघ्या 0.2 सेकंदाने मागे टाकले. 1951 मध्ये एका तासात 20 किलोमीटरहून अधिक अंतर धावणारा तो जगातील पहिला माणूस ठरला. हा विक्रम ट्रॅकवरचा असला, तरी मॅरेथॉनच्या जवळपास निम्मे अंतर त्याने कोणी न धावलेल्या वेगाने पार केले होते, हे लक्षात ठेवावे. मॅरेथॉनसाठी लागणारा दम त्याच्या अंगी आपोआप आला नव्हता. कित्येक वर्षे हजारो फेऱ्या मारून त्याने तो मिळवला होता.

आता हेलसिंकीकडे वळू. 20 जुलै 1952 रोजी झाटोपेकने 10,000 मीटर जिंकली. 22 तारखेला 5,000 मीटरची प्राथमिक फेरी झाली आणि 24 तारखेला अंतिम. शेवटच्या फेरीत तो मागे पडला होता, तरी अखेरच्या वळणावर सर्वांना ओलांडून त्याने 14 मिनिटे 6.6 सेकंदांत ती जिंकली. फ्रान्सचा अलँ मिमून दुसरा आला. त्याच दिवशी झाटोपेकची पत्नी दाना हिने भालाफेकीचे सुवर्णपदक मिळवले. या दांपत्याची जन्मतारीख आणि जन्मवर्षही एकच होते!

27 जुलै रोजी मॅरेथॉन. सर्वांच्या नजरा ब्रिटनच्या जिम पीटर्सवर होत्या. त्याने सहाच आठवड्यांपूर्वी 2 तास 20 मिनिटे 42 सेकंद अशी जगातील सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. गंमत अशी की पीटर्सही मूळचा ट्रॅकवरचा. लंडनच्या 10,000 मीटरमध्ये झाटोपेकने त्याला पूर्ण एक फेरी मागे टाकले होते. त्यानंतर पीटर्स मॅरेथॉनकडे वळला आणि तेथे सर्वांत वेगवान ठरला. ट्रॅकवर जो मागे पडतो तो रस्त्यावर पुढे जाऊ शकतो, याचे हे उदाहरण.

तीन दिवसांपूर्वीच सुवर्णपदक मिळवलेल्या झाटोपेकने या शर्यतीत विद्यार्थ्याची भूमिका घेतली. ज्याला सर्वांत जास्त कळते त्याच्या सोबतीने धावायचे, असे त्याने ठरवले. सुरुवातीलाच त्याने पीटर्सला गाठून आपली ओळख करून दिली. पीटर्सने आरंभापासून जबरदस्त वेग घेतला. काही अंतराने झाटोपेकने त्याला विचारले की हा वेग योग्य आहे का. दमत चाललेल्या पीटर्सने त्याची दिशाभूल करण्यासाठी सांगितले की वेग फारच कमी आहे. झाटोपेकने ते खरे मानले आणि वेग वाढवला! तीस किलोमीटर उलटल्यावर पीटर्सच्या पायांत गोळे आले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक 2 तास 23 मिनिटे 3.2 सेकंदांत स्टेडियममध्ये परतला. अर्जेंटिनाचा रेनाल्दो गोर्नो अडीच मिनिटांनी दुसरा आला. आधीचा ऑलिंपिक विक्रम झाटोपेकने सहा मिनिटांहून अधिक फरकाने मोडला होता. जमैकाच्या रिले धावपटूंनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवले.

येथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. 1954 मध्ये झाटोपेकने 10,000 मीटर 29 मिनिटांच्या आत धावून दाखवली. हेही जगात प्रथमच घडत होते. 1956 साली मेलबर्नला तो पुन्हा मॅरेथॉनमध्ये उतरला. काही आठवड्यांपूर्वीच त्याच्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली होती. वय 34. या वेळी तो सहावा आला. पहिला कोण? तोच अलँ मिमून. 1948 ची 10,000 मीटर, 1952 च्या 5,000 आणि 10,000 मीटर अशा तीन ऑलिंपिक शर्यतींत जो झाटोपेकच्या मागे दुसरा आला होता, तोच आता मॅरेथॉनचा विजेता ठरला. आणि त्याचीही ती पहिलीच मॅरेथॉन होती! शर्यत संपवून मिमून आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत थांबला. दमलेल्या झाटोपेकला मिमून जिंकल्याचे कळले, तेव्हा त्याने टोपी काढून त्याला मानवंदना दिली आणि मिठी मारली.

मग आपल्या प्रश्नाचे उत्तर काय? ट्रॅकचे विजेते मॅरेथॉन जिंकू शकतात, पण ट्रॅकवरची पदके तेथे कामी येत नाहीत. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने 1912 मध्ये 5,000 आणि 10,000 मीटर जिंकल्या आणि आठ वर्षांनी, 1920 मध्ये, मॅरेथॉन. पोर्तुगालच्या कार्लोस लोपेसने 1976 मध्ये 10,000 मीटरचे रौप्य मिळवले आणि 1984 मध्ये 37 व्या वर्षी मॅरेथॉनचे सुवर्ण. केनियाचा एलियुड किपचोगे 2003 मध्ये 5,000 मीटरचा जगज्जेता होता. पहिली मॅरेथॉन तो दहा वर्षांनी धावला आणि पुढे दोन ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकल्या. उलट फिनलंडचा लासे व्हिरेन 1976 मध्ये 5,000 आणि 10,000 मीटर जिंकून मॅरेथॉनमध्ये पाचवा आला. युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने 2020 मध्ये या दोन्ही अंतरांचे विश्वविक्रम केले, पण 2023 मध्ये व्हॅलेन्सियाला पहिल्याच मॅरेथॉनमध्ये तो 37 वा आला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या सिफान हसनने झाटोपेकच्याच तीन शर्यतींत भाग घेतला. तिला दोन कांस्य आणि मॅरेथॉनचे सुवर्ण मिळाले. झाटोपेकच्या सर्वांत जवळ पोहोचली ती हीच धावपटू.

झाटोपेकच्या उर्वरित आयुष्याची शर्यतही सोपी नव्हती. 1968 मध्ये देशात मोकळे वारे वाहू लागले, तेव्हा त्याने सुधारणांच्या बाजूने जाहीरपणे सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा त्याने उघड निषेध केला. परिणामी त्याला पक्षातून आणि सैन्यातून काढण्यात आले. कर्नल हुद्द्यावरच्या या राष्ट्रीय वीराला घरापासून दूर, जमिनीत छिद्रे पाडणाऱ्या तुकडीत मजुरी करावी लागली. पुढे दडपणाखाली त्याने आपली भूमिका मागे घेतली. काहींनी त्याला त्याबद्दल दोष दिला. आम्हाला वाटते, ही गोष्ट लपवू नये आणि तिच्यावरून घाईने निवाडाही करू नये. 1990 मध्ये नव्या सरकारने त्याला सन्मानाने निर्दोष ठरवले. नोव्हेंबर 2000 मध्ये प्रागमध्ये त्याचे निधन झाले.

आपल्या मुलाने एक शर्यत जिंकली की लगेच त्याला लांबच्या शर्यतीत उतरवावे, असा उत्साह पालकांत दिसतो. शाळेच्या नावाला बक्षिसे हवीत, असे संस्थेच्या हितचिंतकांनाही वाटते. त्यात गैर काही नाही. पण मुंबई मॅरेथॉनमध्येही पूर्ण अंतरासाठी 18 वर्षे पूर्ण असावी लागतात, हे विसरू नये. अठराव्या वर्षी झाटोपेक नुकता धावू लागला होता आणि मॅरेथॉन जिंकताना तो 29 वर्षांचा होता. मुलांना मैदान द्या, चांगले बूट द्या आणि वेळ द्या. घाई तेवढी देऊ नका.

शेवटी एक प्रसंग. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हा विश्वविक्रमांचा धनी. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तोही झाटोपेकप्रमाणे आठ दिवसांत तीन शर्यती धावला. 10,000 मीटरमध्ये कांस्य, 5,000 मध्ये नववा आणि मॅरेथॉनमध्येही नववा. सुवर्ण त्याला कधीच मिळाले नाही. 1966 मध्ये तो प्रागला आला असताना झाटोपेकने निरोप घेताना त्याच्या हातात एक लहानसे पुडके ठेवले. क्लार्कने ते नंतर उघडले. आत झाटोपेकचे हेलसिंकीचे 10,000 मीटरचे सुवर्णपदक होते. त्या तीन शर्यती एकापाठोपाठ धावणे म्हणजे काय, हे जगात त्याच्याहून अधिक कोणाला कळणार होते?