विश्लेषण : एका अपघाताने हॉलिवूडचा देखणा चेहरा कसा बदलला? काय आहे मॉन्टगोमेरी क्लिफ्टची कहाणी?

१२ मे १९५६ची रात्र. लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्समधील वळणावळणाच्या उतारावरून दोन गाड्या खाली येत होत्या. पुढच्या गाडीत अभिनेता केव्हिन मॅकार्थी होता, मागच्या गाडीत मॉन्टगोमेरी क्लिफ्ट. एलिझाबेथ टेलरच्या घरचे जेवण आटोपून दोघे निघाले होते. काही वेळाने मॅकार्थीला मागची गाडी दिसेनाशी झाली. तो परत फिरला, तेव्हा क्लिफ्टची गाडी टेलिफोनच्या खांबावर आदळून चेपली होती. क्लिफ्ट डॅशबोर्डखाली रक्तबंबाळ अवस्थेत पडला होता.

क्लिफ्ट तेव्हा ३५ वर्षांचा होता. त्या रात्री त्याचा जीव वाचला, पण ज्या चेहऱ्यावर हॉलिवूड फिदा होते तो चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. हा अपघात नेमका कसा होता आणि त्यानंतर त्याच्या आयुष्याचे काय झाले, हे जाणून घेऊया.

क्लिफ्ट कोण होता?

मॉन्टगोमेरी क्लिफ्टचा जन्म १७ ऑक्टोबर १९२० रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात झाला. किशोरवयातच तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर काम करू लागला. त्या काळात स्टुडिओ कलाकारांना अनेक वर्षांच्या करारात बांधून ठेवत. क्लिफ्टने असे करार नाकारले आणि स्वतः निवडलेल्या भूमिकाच केल्या.

१९४८ मध्ये ‘द सर्च’ आणि ‘रेड रिव्हर’ हे त्याचे पहिले दोन चित्रपट प्रदर्शित झाले. ‘द सर्च’साठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुढे ‘अ प्लेस इन द सन’ (१९५१) आणि ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ (१९५३) या चित्रपटांसाठीही नामांकने मिळाली. मोठमोठे संवाद म्हणण्यापेक्षा डोळे आणि चेहऱ्यावरच्या बारीक हालचालींतून बोलणे ही त्याची ताकद होती.

त्या रात्री काय घडले?

टेलर आणि क्लिफ्ट तेव्हा ‘रेनट्री काउंटी’ या बिग बजेट चित्रपटात एकत्र काम करत होते. तीन वर्षांच्या खंडानंतर क्लिफ्ट पडद्यावर परतत होता. दमल्यामुळे जेवणाला जायची त्याची फारशी इच्छा नव्हती, तरीही मैत्रिणीच्या आग्रहाखातर तो गेला.

अपघाताची बातमी कळताच टेलर धावत खाली आली. चेपलेल्या गाडीत ती मागच्या दाराने शिरली आणि क्लिफ्टचे डोके मांडीवर घेतले. तुटलेला दात त्याच्या घशात अडकला होता आणि त्याचा श्वास कोंडत होता. तिने बोटे घालून तो बाहेर काढला.

चेहऱ्याला जबर मार बसल्यावर पहिला धोका हाच असतो. तुटलेले दात, रक्त आणि मागे सरकलेली जीभ यामुळे श्वासनलिका बंद होऊ शकते. हाडे नंतर जोडता येतात, पण श्वास काही मिनिटे थांबला तर जीव जातो.

चेहऱ्याला इतकी इजा का झाली?

उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. गाडी खांबाला धडकून थांबते, पण आतला माणूस आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो. वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर तो सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जात असतो. सीट बेल्ट नसेल तर त्याला थांबवते ते स्टिअरिंग, डॅशबोर्ड किंवा समोरची काच. थांबण्यासाठी मिळणारे अंतर जितके कमी, तितके शरीरावरचे बल जास्त. हेच अंतर दहापट वाढले तर सरासरी बल दहापट कमी होते. बेल्ट, एअरबॅग आणि चेपणारे बॉनेट हेच काम करतात.

१९५६ मध्ये बहुतेक गाड्यांचे डॅशबोर्ड कडक धातूचे होते आणि सीट बेल्ट नव्हते. फोर्डने त्याच वर्षी बेल्ट आणि मऊ डॅशबोर्ड देऊ केले होते, तेही ज्यादा पैसे मोजल्यास. डेट्रॉइटचे प्लास्टिक सर्जन क्लेअर स्ट्रेथ १९३०च्या दशकापासून डॅशबोर्ड मऊ करा, बाहेर आलेली बटणे आत घ्या, असे कार कंपन्यांना सांगत होते. त्यांच्याकडे चेहरा फुटलेले अपघातग्रस्त सतत येत असत.

क्लिफ्टचा जबडा आणि नाक मोडले होते. नाकालगतच्या हाडांच्या पोकळ्या, म्हणजे सायनस, फुटल्या होते. चेहऱ्यावर खोल जखमा होत्या, दात गेले होते. मोडलेला जबडा तारेने बांधावा लागला. अशा वेळी रुग्णाला कित्येक आठवडे फक्त पातळ अन्न घेता येते.

जखमा भरल्या, मग अडचण काय होती?

सुमारे दोन महिन्यांनी क्लिफ्ट चित्रीकरणाला परतला. हाडे जुळली होती, पण चेहऱ्याच्या डाव्या बाजूच्या नसांना इजा झाल्याने ती बाजू काहीशी ताठर राहिली. इतर कोणाच्या चेहऱ्यात हा फरक कदाचित खपून गेला असता. क्लिफ्टचा अभिनयच या हालचालींवर उभा होता.

१९५७ मध्ये ‘रेनट्री काउंटी’ प्रदर्शित झाला. कोणते दृश्य अपघाताआधीचे आणि कोणते नंतरचे, हे प्रेक्षक पडद्यावर शोधत बसले.

त्याला आधीपासून पोटाचे विकार होते आणि दारूची सवयही होती. अपघातानंतर वेदनाशामक गोळ्या आणि दारू दोन्ही वाढले. सेटवर संवाद आठवेनासे झाले.

तरीही तो काम करत राहिला का?

हो. ‘द यंग लायन्स’ (१९५८) आणि ‘द मिसफिट्स’ (१९६१) हे अपघातानंतरचे चित्रपट. ‘जजमेंट अ‍ॅट न्यूरेम्बर्ग’ (१९६१) मध्ये नाझी राजवटीने सक्तीने नसबंदी केलेल्या माणसाची काही मिनिटांची भूमिका त्याने मानधन न घेता केली. या भूमिकेने त्याला चौथे ऑस्कर नामांकन मिळवून दिले. पहिली तीन नामांकने जुन्या चेहऱ्याची होती, हे चौथे नव्या चेहऱ्याचे.

‘फ्रॉइड’ (१९६२) नंतर मात्र स्टुडिओशी कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याचा विमा उतरवायला कोणी तयार होईना आणि काही वर्षे चित्रपट मिळाले नाहीत. ‘रिफ्लेक्शन्स इन अ गोल्डन आय’साठी टेलरने स्वतःचे मानधन हमी म्हणून ठेवले. चित्रीकरण सुरू होण्याआधीच, २३ जुलै १९६६ रोजी, क्लिफ्ट न्यूयॉर्कच्या घरात मृतावस्थेत आढळला. वय ४५. कारण हृदयविकार. ती भूमिका पुढे मार्लन ब्रँडोने केली.

आज काय बदलले आहे?

क्लिफ्टच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांच्या आत, ९ सप्टेंबर १९६६ रोजी, अमेरिकेत वाहन सुरक्षेच्या राष्ट्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही झाली. त्यानंतर नव्या गाड्यांमध्ये सीट बेल्ट, मऊ डॅशबोर्ड आणि धडकेत दबणारे स्टिअरिंग सक्तीचे झाले. तीन ठिकाणी अडकणारा आजचा बेल्ट व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्येच तयार केला होता.

आपल्याकडच्या दुचाकीस्वारांनाही हेच गणित लागू होते. डोक्यावरच बसणारे अर्धे हेल्मेट कवटी वाचवू शकते, पण जबडा, नाक आणि गाल उघडेच राहतात. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट, तेही पट्टा लावलेले, चेहराही वाचवते. गाडीत मागच्या सीटवर बेल्ट लावला नसेल, तर पुढच्या सीटची पाठ हीच त्या प्रवाशाचा डॅशबोर्ड ठरते.

क्लिफ्टला उत्तम डॉक्टर मिळाले आणि वेळेवर मदत करणारे मित्रही मिळाले. त्याच्या गाडीत नव्हता तो एक पट्टा. आज तो जवळपास प्रत्येक गाडीत आहे. प्रश्न उरतो तो लावण्याचा.